कारणाचा रकाना

शांताराम चुरीकडे आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती. ती त्याने लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली, सत्यनारायणाच्या पूजेत भटजी शंख शोधत असताना सांगितली, आणि एकदा तर चुलत्याच्या तेराव्याला लाडवाचं ताट समोर असताना सांगितली. ऐकणाऱ्याने आधी ऐकलेली असली तरी त्याला फरक पडत नसे. उलट अशा माणसाला तो मधेमधे साक्षीदार म्हणून वापरायचा.

गोष्ट अशी. एकोणनव्वद सालचा मार्गशीर्ष. शांताराम मूळचा केळव्याचा, फोर्टातल्या एका विमा कंपनीच्या टपाल खात्यात कारकून. थोरली बहीण आणि मामा यांना घेऊन तो निर्मळजवळच्या एका वाडीत मुलगी पाहायला गेला. "मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली," शांताराम सांगायचा, "ट्रे खाली ठेवला, मान वर केली, माझ्याकडे एकदाच पाहिलं, फक्त एकदा, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल!" इथे तो थांबायचा. समोरच्याने 'वा' म्हणेपर्यंत थांबायचा. मग शेपूट जोडायचा: "आणि गंमत बघा. सुकेळ्यांचं घर ते. राजेळी केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची आणि त्या सुकेळ्यांची पुडी हातात दिल्याशिवाय पाहुण्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आणि मला काय दिलं? कच्च्या केळ्यांचा आख्खा लोंगर! केळव्यापर्यंत खांद्यावरून आणला. पण खरं सांगतो, वजन कळलंच नाही."

आता या गोष्टीचं शांतारामला एवढं कौतुक का, ते समजायला त्याचे कान पाहायला हवेत. बाकी माणूस ठीकठाक होता, पण कान म्हणजे चालत्या बसच्या दोन्ही बाजूंचे आरसेच. या मुलीच्या, म्हणजे वसुंधरेच्या, आधी त्याने पाच मुली पाहिल्या होत्या आणि पाचही ठिकाणांहून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला होता. पत्रिका याच्या कानांशी जुळत नाहीत, असं त्याची बहीण म्हणायची आणि वर हसायची. अशा माणसाकडे पाहून एक गोरीपान मुलगी कानापर्यंत लाजली, हा त्याच्या आयुष्यातला एकमेव सरकारी दाखला होता. तो त्याने मनात फ्रेम करून लावला होता, आणि आल्यागेल्याला दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

वसुंधरा मात्र ही गोष्ट सुरू झाली की उठून आत जायची. ती मितभाषी होती, आणि बोलली की समोरच्याला दोन मिनिटं विचार करायला लावायची. लग्नानंतर दोघं नालासोपाऱ्याला तुळिंजमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. अक्षदा झाली. वसुंधरा खालच्याच गल्लीत बालवाडी घेऊ लागली. आणि तिची लाली तशीच राहिली. आल्याचा चहा प्याली की गाल लाल, भाकरी भाजून उठली की लाल, एप्रिलमध्ये बाजारातून भाजी घेऊन आली की लाल. शांताराम समोर असला तर ही सगळी लाली तो आपल्या नावावर घ्यायचा.

"अगं, बारा महिने काय लाजतेस?" तो मिशीत हसत विचारायचा.

"मिरची परतली मी आत्ता," वसुंधरा म्हणायची.

"असू दे, असू दे," शांताराम म्हणायचा. त्याला मिरचीचं काही पटत नसे.

पण अठ्ठ्याण्णव सालापासून गंमत हळूहळू संपायला लागली. पूर्वी लाली यायची आणि अर्ध्या तासात जायची. आता ती आली की मुक्कामाला राहू लागली. नाकावर, गालांवर, हनुवटीवर लाल पुटकुळ्या उठायला लागल्या. जवळून पाहिलं तर नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबड्या दोऱ्यासारख्या बारीक रेघा दिसायच्या. तोंड नुसतं धुतलं तरी चरचरायचं. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. बालवाडीतली मुलं तर बाईंच्या चेहऱ्याकडे बघूनच गप्प बसायची. 'बाई रागावल्या' असं एकमेकांच्या कानात सांगून ती पाटी काढायची. हा एक फायदा सोडला तर बाकी सगळा ताप होता.

तुळिंजमध्ये सल्ल्याची टंचाई कधीच नव्हती. पाणी एक दिवसाआड यायचं, सल्ला रोज यायचा. कोणी म्हणालं उष्णता आहे, सब्जा घ्या. कोणी म्हणालं रक्त अशुद्ध आहे, कडुलिंबाचा रस प्या. कोणी दृष्ट काढली. कोणी मुलतानी मातीत लिंबू पिळून लावायला सांगितलं, आणि ते लावल्यावर वसुंधरा जी किंचाळली त्याने खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. वयात आलेल्या पोरींसारख्या पुटकुळ्या या वयात कशा, असं विचारणाऱ्याही होत्या. अशा बायकांना वसुंधरा शांतपणे सांगायची, "उशिरा वयात आले."

शेवटी शांतारामने मर्दानगीचं काम केलं. तो स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्या जितेंद्रकडे गेला आणि म्हणाला, "चेहऱ्यासाठी काहीतरी जालीम दे." जितेंद्रने मागे न बघताच फळीवरून एक ट्यूब काढून दिली. "काका, ही लावा. सगळा एरिया हीच लावतो."

आणि खरंच चमत्कार झाला. चार दिवसांत पुटकुळ्या बसल्या. आठवड्यात लाली गेली. वसुंधरेचा चेहरा दुधासारखा निघाला. शेजारणींनी ट्यूबचं नाव लिहून घेतलं. एकटा शांताराम हिरमुसला. आल्याचा चहा दिला, काही नाही. मिरचीचा ठेचा वाढला, काही नाही. दारातून आत येताना त्याने खाकरून पाहिलं, तरी वसुंधरा आपली पांढरीफटक. "बरी झालीस हे चांगलंच झालं," तो म्हणाला, पण ते त्याने इतक्या पडेल आवाजात म्हटलं की अक्षदेने विचारलं, "बाबा, कोण गेलं?"

ट्यूब दीड वर्षं चालली. मधे एकदा ती संपली आणि रविवारी दुकान बंद होतं. सोमवारपर्यंत वसुंधरेच्या चेहऱ्याने जे रूप धरलं ते पाहून शांतारामच्या हातातला डबा खाली पडला. आधी होती त्याच्या दुप्पट लाली, दुप्पट पुटकुळ्या, आणि आग अशी की तिला उशीवर गाल टेकवेना. ट्यूब आणली, लावली, उतरलं. पुन्हा दोन दिवस लावायची राहिली, पुन्हा भडकलं. आता ट्यूब लावूनही पूर्वीसारखं उतरेना. वसुंधरा पदर गालावर ओढून बालवाडीत जाऊ लागली. लग्नकार्यांना जाणं तिने बंद केलं. आणि दरवर्षी सुकेळ्यांच्या दिवसांत ती आईच्या मदतीला माहेरी जायची, तेही त्या वर्षी टाळलं.

पण शेजाऱ्यांना डोळे असतात आणि त्यांच्या डोळ्यांना स्वतःचं डोकं असतं. बाई पदराने गाल झाकते. गाल लाल असतात. नवरा घरी आला की जास्त लाल असतात. दोन अधिक दोन करायला सोसायटीच्या महिला मंडळाला वेळ लागला नाही. दोन हजार एकच्या दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी मंडळाच्या अध्यक्षा स्वप्ना आणि मागे चार बायका अशा चुरींच्या दारात उभ्या राहिल्या. शांताराम बनियनवर वाटाणे सोलत बसला होता.

"चुरीभाऊ," स्वप्ना म्हणाली, "आम्ही स्पष्टच विचारतो. वहिनींवर हात उचलता का तुम्ही?"

शांतारामच्या हातातून वाटाणे जमिनीवर घरंगळले. हा माणूस झुरळ मारायचं झालं तर आधी त्याला दार उघडून द्यायचा. त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. आणि फुटला तेव्हा नको तोच फुटला. "अहो, ती मुळातच लाल होते! लग्नाआधीपासून! मी पाहायला गेलो होतो ना, एकोणनव्वदच्या मार्गशीर्षात, ती ट्रे घेऊन बाहेर आली..."

"ते आम्ही अकरा वेळा ऐकलंय," स्वप्ना म्हणाली. "त्या गोष्टीच्या आड काय चालतं ते विचारतोय."

तेवढ्यात वसुंधरा आतून आली. तिने मंडळाकडे पाहिलं, जमिनीवरच्या वाटाण्यांकडे पाहिलं, आणि गालावरचा पदर काढला. "मारत नाहीत," ती म्हणाली. "नुसते बोलतात. बसा, चहा टाकते." पण बायका बसल्या नाहीत. त्यांनी चेहरा जवळून पाहिला आणि सगळ्यांचा नूर बदलला. स्वप्ना हळूच म्हणाली, "हे माराचं नाही गं बाई. हे काहीतरी दुखणं आहे. वसईला डॉक्टर हिलरी आहेत, कातडीचे. उद्याच्या उद्या जा." आणि जाताना तिने खाली वाकून चार वाटाणे उचलून शांतारामच्या ताटलीत टाकले. माफी मागायची तिची ही पद्धत असावी.

डॉक्टर हिलरी साठीचे होते, बुटके, आणि रोग्याशी बोलताना चष्म्याच्या वरून पाहायचे. वसुंधरेचा चेहरा त्यांनी खिडकीच्या उजेडात पाहिला, भिंग लावून पाहिला, डोळ्यांच्या कडा पाहिल्या. मग विचारलं, "ट्यूब कुठली लावता?"

शांतारामने खिशातून ट्यूब काढली. डॉक्टरांनी ती दोन बोटांत धरली. "याच्यात स्टेरॉइड आहे. कोणी लिहून दिली?"

"मेडिकलवाल्या जितेंद्रने. मीच आणली," शांताराम म्हणाला. शेवटचे दोन शब्द त्याने टेबलाखाली पाहून म्हटले.

"तुम्ही एकट्याने नाही आणली, सगळा नालासोपारा आणतो," डॉक्टर म्हणाले. "ऐका आता दोघं. या दुखण्याचं नाव रोझेशिया. आपल्या तोंडाच्या कातडीखाली रक्ताच्या बारीक बारीक नळ्या असतात. गरम झालं की त्या फुगतात, निवलं की आकसतात. ताईंच्या नळ्या मूळच्या उतावळ्या. जरा काही झालं की फुगायच्या. पहिली काही वर्षं फुगतात आणि परत जागेवर येतात, म्हणून लाली येते आणि जाते. मग दमतात. फुगलेल्याच राहतात. त्या बारीक रेघा दिसतात ना नाकाशेजारी, त्या त्याच. मग कातडी सुजते, पुटकुळ्या येतात. लोकांना वाटतं तारुण्यपीटिका. पण तारुण्यपीटिकेत काळे ठिपके असतात, इथे एकही नाही. कोणाकोणाच्या डोळ्यांतही उतरतं."

"रक्त अशुद्ध आहे का?" वसुंधरेने विचारलं.

"तुमचं रक्त माझ्यापेक्षा शुद्ध असेल. हे कशाने होतं ते नक्की कोणालाच कळलेलं नाही. घराण्यात असतं थोडं. सगळ्यांच्या कातडीवर डोळ्याला न दिसणारे किडे राहतात, ते अशा लोकांत जास्त सापडतात असंही म्हणतात. घाणीने होत नाही, कोणाला लागत नाही. गोऱ्या लोकांचा रोग म्हणतात, पण सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही म्हणून कोणी ओळखत नाही एवढंच." त्यांनी ट्यूब टेबलावर ठेवली. "ही लावली की नळ्या जबरदस्तीने आकसतात. चमत्कार वाटतो. पण कातडी पातळ होत जाते, आणि ट्यूब सोडली की नळ्या सूड उगवतात. ही आता हळूहळू सोडायची. पुढचे दोन महिने जास्त भडकेल, सांगून ठेवतो. मी गोळ्या देतो, लावायला जेल देतो. ऊन टाळायचं. जाईल असं म्हणणार नाही. ताब्यात राहील."

शांताराम एवढा वेळ गप्प होता, हा त्याच्या मानाने विक्रम होता. डॉक्टरांनी सहज विचारलं, "पहिल्यांदा असं लाल कधी झालं, आठवतं?" आणि विक्रम मोडला.

"आठवतं म्हणजे काय, डॉक्टर! एकोणनव्वदचा मार्गशीर्ष!" त्याने सगळी गोष्ट सांगितली. ट्रे, मान, एकदाच पाहिलं, कानाच्या पाळीपर्यंत. लोंगरही सांगितला. डॉक्टर चष्म्यावरून पाहत ऐकत राहिले. मग वसुंधरेकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी सकाळपासून काय करत होता, ताई?"

वसुंधरा क्षणभर थांबली. "केळी वाळत घातली होती. उन्हात बसून परतत होते," ती म्हणाली.

"झालं," डॉक्टर म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "दिवसभर ऊन, मग चुलीपाशी चहा. रोझेशियाची पहिली खूण. तारीखवार सांगणारा पहिलाच नवरा पाहिला."

शांताराम हसला. पण ते हसू त्याच्या चेहऱ्यावर ज्या तऱ्हेने बसलं होतं ते पाहून कोणालाही वाईट वाटलं असतं. बारा वर्षं जपलेला दाखला एका बुटक्या डॉक्टरने दोन वाक्यांत रद्द केला होता. ऊन! त्या लालीचा मानकरी ऊन होतं. शांताराम समोर होता काय आणि मामा समोर असता काय, ती लालच असती. निघताना डॉक्टरांनी आणखी एक काम सांगितलं, "प्रत्येकाला भडकायचं कारण वेगळं असतं. कोणाला चहा, कोणाला तिखट, कोणाला राग. एक वही घाला. लाल कधी झालं, कशाने झालं, लिहून आणा."

वही शांतारामने घातली. टपाल खात्यातला माणूस तो, आवक-जावक त्याच्या रक्तात होती. शंभर पानी वही, पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, वेळ, किती वेळ टिकली, कारण. आणि पुढचे दोन महिने, ट्यूब सुटत असताना, वसुंधरेचे जे हाल झाले त्यात हा माणूस नवा निघाला. चहा बशीत ओतून फुंकून निववून द्यायचा. भाजीत मिरची घालायची नाही म्हणून स्वतःही पांचट खायचा. सकाळी बालवाडीपर्यंत तिच्या डोक्यावर छत्री धरून चालायचा, डिसेंबरात, आणि लोक आभाळाकडे बघायचे. चेहऱ्याची आग होऊन ती रडली की तो ओल्या फडक्याची घडी तिच्या गालावर ठेवून मुकाट बसायचा. एकदा म्हणाला, "ट्यूब मी आणली." वसुंधरा म्हणाली, "माहीत आहे. फडकं पुन्हा भिजवून आणा."

वही भरत गेली. 'उकळता चहा, चाळीस मिनिटं.' 'ठेचा (चोरून खाल्ला), एक तास दहा मिनिटं.' 'स्टेशनपर्यंत ऊन, दीड तास.' 'शेजारची पिंकी म्हणाली की गोरी क्रीम लावा वहिनी, पंचवीस मिनिटं. कारण: राग.' आणि मधेच काही नोंदी अशा होत्या ज्या डॉक्टरांनी मागितल्या नव्हत्या. 'नवा शर्ट घालून समोर उभा राहिलो. परिणाम शून्य.' 'केस कापून आलो. परिणाम शून्य.' 'अचानक गजरा दिला. म्हणाली, केवढ्याला? परिणाम शून्य.' या नोंदी करून तो वही मिटायचा आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

जानेवारीत त्याच्या भाच्याचा, सुजयचा, साखरपुडा झाला. जेवणं आटोपल्यावर कोणीतरी म्हणालं, "शांतारामभाऊ, होऊ द्या तुमची गोष्ट!" सगळे सवयीने हसायच्या तयारीत बसले. शांताराम म्हणाला, "नको. ते डॉक्टरी कारण निघालं." आणि पानाला चुना लावत बसला. मांडवात अशी शांतता पसरली की त्याच्या बहिणीला वाटलं याची तब्येत बरी नाही. वसुंधरा बायकांच्या पंगतीतून त्याच्याकडे पाहत होती. काहीतरी सांगायला ती अर्धी उठली, पण पुन्हा बसली.

फेब्रुवारीत वसुंधरेचा चेहरा बराच निवला. रेघा होत्या, पण आग गेली. डॉक्टरांनी टोपी घालून माहेरी जायला परवानगी दिली, आणि तिघं निर्मळला गेली. वाडीत सुकेळ्यांची गडबड होती. उंच मांडवावर सोललेली केळी ओळीने पहुडली होती आणि वसुंधरेची आई, प्रमोदिनीबाई, सत्तरीतही मांडवाभोवती फिरून एकेक केळं परतत होती. वसुंधरा रुंद कडांची टोपी घालून सावलीत बसून सुकेळी गुंडाळायची केळीची पाने मोजू लागली. आईने तिच्याकडे पाहून विचारलं, "हे कय डोक्यावर?"

"ऊन सोसत नाही तिला," शांतारामने समजावलं. "जुनं दुखणं आहे, आई. मी पाहायला आलो त्या दिवशीही उन्हात केळी परतून परतूनच लाल झाली होती ती."

प्रमोदिनीबाई थांबली. "त्या दिवशी? त्या दिवशी ऊन कटे व्हतं, जावयबापू?"

"म्हणजे?"

"आभाळ आलतं चार दिस. सगळी केली कुजली, गायीला घातली. दाराशी पावना आला नि घरात सुकेली नय, लाजेनं मेले मी. म्हणून तं तुमच्या खांद्यावर कच्चा लोंगर दिला! ईसरले?"

शांताराम विसरला नव्हता. लोंगर तर त्याने गावभर सांगितला होता, बारा वर्षं. फक्त सुकेळ्यांच्या घरात सुकेळी का नव्हती हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. त्या दिवशी वर आकाश होतं की नव्हतं हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं. त्याने हळूहळू मान वळवून वसुंधरेकडे पाहिलं. ती टोपीखाली खूप मन लावून पाने मोजत होती.

तो तिच्याजवळ गेला. "डॉक्टरांना खोटं सांगितलंस?"

"मग काय सांगायला हवं होतं?" वसुंधरा न पाहता म्हणाली. "परक्या माणसासमोर, त्या खुर्चीवर बसून? बारा वर्षं तुम्ही माझं तोंड चव्हाट्यावर मांडलंत. ती लाजली, ती लाजली. एकदा तरी मला विचारलंत, का गं लाजलीस?"

शांतारामने आठवून पाहिलं. खरंच विचारलं नव्हतं. त्याला कारण माहीत होतं असं तो समजून चालला होता. "मग विचारतो," तो म्हणाला. "का?"

वसुंधरेने पाने खाली ठेवली. "तुमची मंडळी ओटीवर बसली तेव्हा तुम्ही पाय धुवायला विहिरीवर गेलात. मी मागच्या दारात होते. तुम्ही तिथल्या दगडी डोणीत साठलेल्या पाण्यात तोंड पाहिलंत, मग दोन्ही हातांनी कान मागे दाबून धरलेत. सोडले. परत दाबलेत. आणि स्वतःलाच म्हणालात, 'जमेल, जमेल.'"

शांतारामचे दोन्ही हात नकळत कानांकडे गेले.

"मला इतकं हसू आलं," ती म्हणाली, "आणि इतकं वाईट वाटलं. या माणसाला कोणी नाही म्हणू नये असं वाटलं मला, तिथेच, चहा गाळायच्या आधी. मग मी ट्रे घेऊन बाहेर आले. मान वर केली. आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत नि तुमचे कान लाल झाले. आधी तुमचे. मग मी."

वाडीत मांडवाखाली कोंबड्या फिरत होत्या. अक्षदा आजीच्या मागे सुकेळ्यासाठी हात पसरत होती. शांताराम भरल्या डोळ्यांनी उभा राहिला आणि बराच वेळ नाक ओढत राहिला. मग सवयीने त्याचा हात पिशवीतल्या वहीकडे गेला, कारण टोपीच्या सावलीत, थंडगार हवेत, चहा नाही, मिरची नाही, वसुंधरेचा चेहरा चढत चढत कानाच्या पाळीपर्यंत पोचला होता. त्याने तारीख लिहिली. वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"लिहू नका," वसुंधरा म्हणाली. "डॉक्टर वाचतात ती वही." शांतारामने पेन बंद केलं.

मे महिन्यात सुजयचं लग्न झालं. वसुंधरा हॉलमध्ये पंख्याखाली, बायकांच्या घोळक्यात, पदर खांद्यावर नीट पिनने लावून बसली होती. जेवणं झाली, आणि कोणीतरी पुन्हा हाक दिली, "शांतारामभाऊ, ते डॉक्टरी कारण काय निघालं, ते तरी सांगा! पाहायला गेलात तेव्हा वहिनी का लाल झाल्या?"

सगळ्या माना वळल्या. शांतारामच्या हातात आता अशी गोष्ट होती की सगळा हॉल लोळून हसला असता आणि निम्म्या बायकांनी डोळे पुसले असते. इतकी चांगली गोष्ट त्याला जन्मात मिळाली नव्हती. त्याने तोंड उघडलं. समोर वसुंधरा पाहत होती.

"काही नाही हो," शांताराम म्हणाला. "उन्हात बसली होती बिचारी."

लोक हिरमुसून विड्याकडे वळले. वसुंधरेने मान खाली घातली, आणि तिच्या गळ्यापासून लाली वर चढायला लागली. शांतारामने घड्याळ पाहिलं, पण वही काढली नाही.

"आई," अक्षदा आईचा पदर ओढून म्हणाली, "बाबांचे कान बघ."